आप्पांचा पिट्ठू

शिंप्याच्या दुकानात दिवसभर बसलं की मशीनखाली चिंध्या साठतात आणि डोक्यात किस्से. चिंध्या संध्याकाळी झाडून टाकता येतात. आमच्या आप्पांचे किस्से मात्र मला कधी झाडता आले नाहीत. कुणी ऐकायला बसलं की मी ते परत पसरतो.

सत्तरनंतरची पाच-सहा वर्षं मी कराडला आप्पांच्या दुकानात दुसऱ्या मशीनवर होतो. आप्पा पलटणीतून हवालदार होऊन रिटायर झालेले. दुकानात माल एकच, कॅनव्हासचा पिट्ठू. पिट्ठू म्हणजे फौजी पाठीला अडकवतात ती दोन पट्ट्यांची पिशवी. पण आप्पांनी ती शहरात जाणाऱ्या माणसांसाठी बेतलेली. एसटीत मांडीवर मावली पाहिजे, टपावर चढवायला लागता कामा नये, आणि मुंबईत दिवसभर हिंडलं तरी दोन्ही हात मोकळे राहिले पाहिजेत. "हातात वझं असलं की माणूस शेहर बघत न्हाई, वझंच बघतो," असं ते म्हणायचे.

विकायची रीत तर जगावेगळी. गिऱ्हाइकानं न्यायचं सगळं सामान घेऊन यायचं. आप्पा ते टेबलावर मांडणार आणि एकेका वस्तूला बोट लावून विचारणार, "हे कशाला?" मग भरलेला पिट्ठू पाठीला लावून गिऱ्हाइकानं कृष्णेच्या घाटावर जायचं, सगळ्या पायऱ्या उतरायच्या, चढायच्या आणि परत यायचं. आल्यावर शेवटचा सवाल, "आता काय काढतोस?" त्याचं उत्तर दिल्याशिवाय पिशवी मिळायची नाही. असा धंदा मी दुसरीकडं कुठं बघितला नाही. आणि तरी गिऱ्हाईक यायचं, लांबून लांबून यायचं.

फक्त एका गिऱ्हाइकाला आप्पा वर्षानुवर्षं टोलवत होते. ती म्हणजे त्यांची बायको, आमची काकी. नोकरीत कलकत्त्याला असताना आप्पांनी तिला पत्रातून ट्रामचं वर्णन लिहिलेलं. रिटायर झालो की तुला ट्राममध्ये बसवतो, असा शब्दही दिलेला. रोज एकच्या सुमाराला काकी भाकरी घेऊन यायची आणि विचारायची, "आवं, आमचा पिट्ठू कवा व्हायचा?" आप्पा म्हणायचे, गिऱ्हाइकांचं उरकू दे.

खरं कारण मला ठाऊक होतं. आप्पांचा डावा खांदा नोकरीतच निखळलेला, त्यावर पट्टा सोसायचा नाही. पिशवी हातात धरावी तर स्वतःचाच नियम आडवा येणार. आणि बायकोच्या पाठीवर वझं देऊन हवालदारानं मोकळं चालायचं, हे त्यांच्या मनाला पटत नव्हतं. मला लय राग यायचा त्या गोष्टीचा, पण बोलायची छाती नव्हती.

*

वडूजचे एक हेडमास्तर आले. आठ दिवस मुंबईत राहायचं होतं, रोज वेगळ्या पाहुण्याकडं. सामानात कोळशाची इस्त्री, चांगली पितळी. वर कोळशाची पुरचुंडी, कारण मुंबईचा कोळसा कसा असेल सांगता येत नाही.

आप्पांनी इस्त्रीला बोट लावलं. "हे कशाला?"

मास्तर म्हणाले, "शिस्त म्हणून."

शिस्त म्हटल्यावर हवालदार काय बोलणार? पिशवी भरली आणि मास्तर घाटावर गेले. अर्ध्या तासानं आले ते घामानं निथळत. धड बसलेसुद्धा नाहीत, उभ्यानंच इस्त्री काढून टेबलावर ठेवली.

"आप्पा, ही राहू द्या इथं. मी चुरगळलेला बरा."

मुंबईहून परतल्यावर मास्तर दुकानात आले आणि सांगून गेले, की आठ दिवसांत त्यांच्या सदऱ्याकडं एकाही माणसानं बघितलं नाही. इस्त्री काही त्यांनी परत नेली नाही. पुढं मी तिथं असेपर्यंत आम्ही तिनंच कॅनव्हासच्या शिवणी दाबल्या.

*

आष्ट्याचा एक पैलवान होता. दार भरून माणूस! मुंबईच्या एका तालमीत राहायला निघालेला. म्हणाला, मला वजनाचं सांगू नका, सगळ्यात मोठा पिट्ठू द्या. तुपाचा डबा, बदाम, लंगोट, घोंगडं, सगळं त्यानं कोंबून भरलं.

आप्पांनी एकही वस्तू काढायला सांगितली नाही. फक्त घाटाचा रस्ता बदलला. म्हणाले, "गड्या, तू मंडईतनं जाऊन ये."

पैलवान गेला. कुणीतरी हाक मारली म्हणून भर मंडईत गर्रकन वळला, आणि पाठीवरच्या पिट्ठूनं एका बाईची वांग्यांची पाटी उडवली. तिला सॉरी म्हणायला वळला तर दुसऱ्या बाजूची लिंबं गेली. पोरगं सरळ हो. बसून सगळी वांगी-लिंबं वेचून दिली, बायांच्या शिव्या खाल्ल्या आणि मान खाली घालून परत आलं.

आप्पा म्हणाले, "तुला वजन न्हाई रं. पण गर्दीत तुझ्या मागं माणसं अस्त्यात."

त्याच दुपारी त्यांनी पिट्ठू चार बोटं अरुंद केला. आता न मावणारा तुपाचा डबा पैलवानानं दुकानातच उघडला, आणि काकीच्या भाकरीवर त्या दिवशी आम्हा सगळ्यांना तूप मिळालं.

*

आता आप्पांचं कौतुक मी करतो म्हणजे त्यांना कुणी शिकवलंच नाही असं नाही. मलकापूरची एक मुलगी नर्सिंगच्या ट्रेनिंगला पुण्याला निघालेली. वडील बरोबर. वडिलांना लोखंडी ट्रंक पाहिजे, मुलीला पिट्ठू. वडील म्हणत होते, बाईमाणसानं पाठीला पिशवी लावलेली बघितलीय का कुणी?

मुलीनं पिट्ठू भरून पाठीला लावला. घाटावर गेली, आली. शेवटचा सवाल झाला तेव्हा म्हणाली, "काढायचं काय न्हाई. पण खिसा चुकलाय."

पंधरा वर्षं आप्पा फौजी बेतानं बाहेरच्या अंगाला खिसा लावत होते. मुलीचं म्हणणं, गर्दीत मागच्याचा हात तिथं सहज जाणार. खिसा पाठीला चिकटेल असा आतल्या अंगाला पाहिजे.

मी आप्पांच्या तोंडाकडं बघत राहिलो. आप्पांनी कात्री घेतली, खिसा उसवला आणि ती म्हणाली तिथं लावला. मग टेबलामागं उभं राहून त्या मुलीला कडक सॅल्यूट ठोकला. वडिलांनी ट्रंकेचं नाव पुन्हा काढलं नाही. त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक पिट्ठूला खिसा आतून.

काकी तेव्हा भाकरी घेऊन दारात उभी होती. सगळं बघून, भाकरी ठेवून घरी गेली. नंतरचे पंधरा-वीस दिवस तिनं पिट्ठूचा विषयच काढला नाही. मशीनखालचे मोठे तुकडे मात्र ती रोज पदरात घालून न्यायची. मला वाटलं, गोधडी शिवत असेल.

*

एका सकाळी काकी दुकानात आली. हातात भाकरी नव्हती, पाठीला पिट्ठू होता. कॅनव्हासचे पाच रंगांचे तुकडे, मधे गादीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची जोड, खिसा आतल्या अंगाला. टाका इतका सुबक, की मी मान खाली घातली.

ती गिऱ्हाइकाच्या बाजूला उभी राहिली आणि तिनं पिशवी टेबलावर रिकामी केली. दोन लुगडी, एक धोतर, आप्पांचा धुतलेला सदरा, दाढीचं सामान, तांब्या, चटणीचा डबा, आणि दोरीनं बांधलेली आप्पांच्या कलकत्त्याच्या पत्रांची चळत.

आप्पांनी सगळ्या वस्तूंवरनं बोट न टेकवता फिरवलं. मग पत्रांना लावलं.

"हे कशाला?"

"तुमी रस्ता इसरला तर."

काकीनं सगळं परत भरलं आणि घाटाकडं निघाली. आप्पा टेबलाशी तसेच उभे. मग एकदम बाहेर पडले आणि तिच्या मागं चालू लागले. डावा खांदा थोडा पडलेला, दोन्ही हात मोकळे. अख्खा बाजार बघत होता. मीही दारात येऊन बघत होतो आणि मनात म्हणत होतो, आप्पा, माघारी फिरू नका.

दोघं बरोबरच परत आले. काकीला धाप लागली नव्हती, आप्पांना लागली होती. ते टेबलामागं गेले. टेबलाला दोन्ही हात टेकून शेवटचा सवाल विचारला.

"आता काय काढतीस?"

काकीनं पिट्ठू उघडला, त्यातला सदरा काढला, झटकला आणि आप्पांच्या हातात दिला.

"हा काढते. अंगात घाला. गाडी किती वाजताची हाय?"

आप्पांनी गळ्यातली टेप काढून माझ्या गळ्यात घातली आणि धुतलेल्या सदऱ्याची बटणं सोडायला लागले.