बारावी खुर्ची

"आबा, जरा उठा. तुमच्या पायांना फार भेगा आहेत. आज बिशप आलेत, मोबाईलवर लाईव्ह जाणार. बरं दिसत नाही."

चर्चच्या समितीचे सेक्रेटरी, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, हे माझ्या बापाच्या कानात बोलले. पण मास्तरांची कुजबुजही शेवटच्या बाकापर्यंत जाते.

पवित्र गुरुवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सुरू व्हायची होती. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, म्हणून त्या दिवशी बारा जणांना पुढे बसवून त्यांचे पाय धुतात. श्रीरामपूरजवळच्या आमच्या चर्चमध्ये बापाची पाळी पहिल्यांदाच आली होती. जन्मभर ऊस तोडलेला माणूस. आमच्याकडे पाय धुवून घ्यायला जाणारा आधी घरी पाय धुवून जातो. बाप दुपारभर वजरीने टाचा घासत बसला होता. रक्त येईपर्यंत.

तो उठला. मागे माझ्याजवळ येऊन बसला. बाराव्या खुर्चीवर शहरातून, सावेडीहून आलेला एक पाहुणा बसवला. त्याचे पाय इतके गुळगुळीत, की धुवायला कारणच नव्हतं.

"आबा, उठलात कशाला?"

"जाऊ दे पोरी. त्यांचं बी बरोबर हाय. देवाच्या कामात घान कशाला?"

तिथे मी मोडले. अपमान मास्तरांनी केला होता. बापाने तो खरा मानला होता.

मिस्सेत बायबलमधलं दुसरं वाचन माझ्याकडे होतं. पौलाचं पत्र. त्या दिवसासाठी ठरलेलं वाचन प्रभूने भाकर मोडली तिथून सुरू होतं. वरच्या ओळी गाळलेल्या. मी पिशवीतलं बायबल घेऊन गेले आणि त्या गाळलेल्या ओळींपासून वाचलं. तिथे पौल मंडळीला खडसावतो: तुम्ही एकत्र जमता त्याने भलं होत नाही, ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता. सावकाश वाचलं. लाईव्ह होतं.

"हा प्रभूचा शब्द," मी म्हटलं.

"देवाला धन्यवाद," सवयीने सगळे म्हणाले. मास्तरसुद्धा.

मग बिशपांनी नम्रतेवर लांबलचक प्रवचन दिलं आणि बारा जणांचे पाय धुतले. बापाने आपले पाय बाकाखाली ओढून घेतले. आता तो भर उन्हाळ्यातही मोजे घालून मिस्सेला येतो.

फादरांचा निरोप आला. ठरलेलं सोडून वाचलंत, माफीपत्र द्या, मग वाचकांच्या यादीत नाव परत घालू.

मी दिलं नाही. चर्चही सोडलं नाही. मी निघून गेले तर त्यांची सोयच होईल. दर रविवारी मास्तरांच्या शेजारच्या बाकावर बसते. "एकमेकांना शांती द्या," फादर म्हणतात. सगळे हात जोडून वळतात. मास्तरही माझ्याकडे वळतात.

मी हात जोडत नाही. "आधी माझ्या बापाची माफी मागा," म्हणते. मोठ्याने. येत्या रविवारीही म्हणेन. ते मागेपर्यंत.