फळीला लटकलेले मालक

लग्नानंतर आम्ही चिंचवड गावात एका जुन्या घरातली खोली भाड्याने घेतली होती. माझ्या पितळी डब्यांची फळी भिंतीवरून दोनदा कोसळली, तेव्हा घरमालकांनी बजावलं, "आता येक जरी खिळा ठोकला तर खोली खाली करा."

तरी आम्ही दोघं पिंपरीच्या दुकानात लांब खिळे मागत होतो. मागे उभा असलेला, कंपनीच्या निळ्या कपड्यांतला माणूस म्हणाला, "खिळा लांब घेऊन काय होणार, वहिनी? वरचा गिलावा नुसती पावडर असतो. विटेपर्यंत गेल्याशिवाय भिंतीवर विश्वास ठेवू नये."

पहिली पाळी सुटली होती. तो आमच्याबरोबर घरीच आला. बोटाने टकटक करत, कान लावत त्याने जागा हेरली. छिन्नीने विटेत भोकं पाडून लाकडी गुट्ट्या ठोकल्या आणि त्यांत स्क्रू पिळून लोखंडी ब्रॅकेट बसवले. फळी चढतेय तोच मालक धावत आले.

"माजी भित पाडता व्हय?"

"काका, तुमचं वजन किती?"

"असंल दोन मण. का?"

"मग लटका. फळी पडली तर हे खोली सोडतील."

मालकांनी धोतर खोचलं, फळी धरली आणि पाय उचलले. फळी जागची हलली नाही.

"सोडू का आता?"

"थांबा, चहा होऊ द्या," तो हात धूत म्हणाला.

हसण्याच्या भरात त्याचं नाव विचारायचंच राहिलं. दुसऱ्या दिवशी मालक गल्लीभर सांगत होते, "सोता लटकून बगितलं. माज्या बापानं बांधलेली भित हाय ती!"