गयाबाईची लापशी आणि अकरा घरं

अंगणवाडीच्या नोकरीत दोन गोष्टी कधी संपत नाहीत. एक फॉर्म, दुसरे किस्से. फॉर्म भरून वर पाठवता येतात. किस्से कुठं पाठवायचे याचं परिपत्रक काही निघालं नाही, म्हणून ते माझ्याकडंच साठत गेले. रिटायर झाले त्या दिवशी ऑफिसनं जीपचं लॉगबुक, कपाटाची किल्ली, सगळं आठवणीनं परत मागून घेतलं. किस्से मागितले नाहीत!

पाथरीकडं मी सुपरवायझर होते. विद्यापीठाच्या नामांतराचा विषय निघाला की एसटी बंद व्हायची, ती वर्षं. काम सांगायला सोपं होतं. लेकरांचं वजन करा, त्यांना पोषक आहार द्या, आयांना समजावून सांगा. यातलं बरंचसं एकाच गावात घडलं. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथं माझी नणंद दिलीय.

त्या गावात सेविका होती शोभा आणि मदतनीस गयाबाई. शोभानं शिकवायचं आणि लिहायचं, गयाबाईनं शिजवायचं. गयाबाई बौद्ध. तिचं घर अठ्ठ्याहत्तरच्या दंगलीत जळालं होतं. कुणी जाळलं हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बघितलेलं नव्हतं. नोकरी लागली तेव्हा तिनं मला एवढंच विचारलं, "मॅडम, हे काम किती दिवस ऱ्हाईल?"

मी म्हणाले, "नीट शिजवलंस तर कायमचं." शिजवण्यावरूनच पुढं सगळं अडणार आहे, हे मला तेव्हा सुचलं नाही.

*

पहिल्याच महिन्यात वजनकाटा आला. काटा आढ्याला टांगायचा, खाली झोळी, झोळीत लेकरू. आया दारातच थांबल्या.

"तोलतेत ते इकायला. माजं लेकरू इकायचं न्हाई," एक म्हणाली.

दुसरीचं म्हणणं, वजनाचा आकडा लोकांना कळला की लेकराला नजर लागते. मी अर्धा तास समजावलं, शोभानं अर्धा तास समजावलं. झोळी रिकामीच. शेवटी गयाबाई चुलीपुढून उठली, कुठून तरी काळा दोरा आणला आणि काट्याला बांधला.

"आता नजर लागंल ती काट्याला लागंल," ती म्हणाली. दुपारपर्यंत गावातली सगळी लेकरं तोलून झाली.

पुढं वरचे अधिकारी तपासणीला आले. "काट्याला हा दोरा कशाला?"

शोभा म्हणाली, "काटा प्रमाणित केलाय, सर." त्यांनी शेरा लिहिला, 'काटा प्रमाणित आढळला.'

*

आमचे प्रकल्प अधिकारी, म्हणजे साहेब, मूळचे सेलूचे. काहीही समजावायला लागले की ते कापसाच्या जिनिंगमध्ये शिरायचे. एकदा पेडगावात शिबिर होतं. साहेबांनी बाप्यांना पारावर बसवलं आणि पचनसंस्था काढली.

"पोट म्हणजे जिनिंग समजा. कापूस आत गेला की रुई वेगळी, सरकी वेगळी. तसंच अन्नाचं. त्यातली साखर, प्रथिनं, क्षार ही रुई. ती आतड्यातून रक्तात जाते आणि रक्त ती अंगभर पोचवतं. राहिली ती सरकी. ती बाहेर."

माना डोलल्या. साहेब खूष झाले. मागून एक जण उठला.

"साहेब, माज्या पोराची दोन दिस झाले नुसती सरकीच पडायलीय. अन् लय पातळ!"

साहेबांनी जिनिंग तिथंच बंद केली आणि मीठ-साखरेच्या पाण्यावर आले. पोराला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. पोरगं वाचलं. पुढं कित्येक दिवस त्या गावात कुणाचं पोट बिघडलं की लोक म्हणायचे, "जिनिंग बिघडली!"

*

गरोदर बायांना आम्ही लोहाच्या गोळ्या द्यायचो. रक्त वाढायला लोह लागतं, हे बायांना पाठ झालं होतं. गोळी पोटात गेली की नाही, हे ओळखायची एक खूण आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवली होती. शौचाचा रंग काळा होतो.

एकीला विचारलं, "गोळ्या घेतेस ना?"

"रोज एक."

मी आवाज खाली करून रंगाचं विचारलं.

"माजं न्हाई वो," ती म्हणाली. "म्हशीचं शेण काळं पडायलंय."

"म्हशीला कामून दिल्यास?"

"ती बी गाभण हाय की, मॅडम!"

*

भाज्या शिजवलेलं पाणी फेकू नका, त्यात जीवनसत्त्वं उतरतात, असं मी प्रत्येक गावात सांगायचे. एकदा सगळं ऐकून घेतल्यावर एका बाईनं विचारलं, "आमी डाळीच्या येळवण्याची आमटी करताव, अंबाडीचं पाणी पिठात घालताव. फेकतं कोण, मॅडम?"

आमच्या घरात मी फेकत होते.

*

आता गयाबाईचं.

केंद्र सुरू होऊन दोन महिने झाले आणि अर्ज आला. 'गयाबाईच्या हातचं आम्ही व आमची लेकरं खाणार नाही, दुसरी बाई नेमावी.' खाली अकरा घरांचे अंगठे. पहिला अंगठा कोंडाक्काचा. कोंडाक्का म्हणजे गावातल्या मोठ्या शेतकऱ्याची आई, वय पासष्टच्या आसपास. तिचा शब्द बाकीची दहा घरं खाली पडू द्यायची नाहीत.

अर्ज वर गेला. वरून उत्तर येईपर्यंत काय करायचं? तोड मी काढली. अकरा घरांना कोरडा शिधा द्यायचा, गहू, गूळ, शेंगदाणे, आणि त्यांनी तो घरी शिजवायचा. कच्च्या गव्हाला कुणाचाही हात लागलेला चालत होता! पेरणारे, काढणारे, पोत्यात भरणारे हात तेच, पण त्यावर पाणी पडलं की विटाळ. गयाबाईनं ओंजळीनं शिधा काढून त्यांच्या पिशव्यांत घातला. त्या दिवसाची मला अजून लाज वाटते.

*

तीन महिन्यांनी शोभानं वजनाचे तक्ते भिंतीवर लावले. केंद्रात बसून खाणाऱ्या लेकरांच्या रेघा वर चढल्या होत्या. अकरा घरांच्या रेघा जागच्या जागी. कोंडाक्काचा नातू बाळू तर खाली घसरलेला.

कोंडाक्का तडक केंद्रावर आली. उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "काटा तिच्या बाजूनं बोलायलाय." तिनं घरचा कापसाचा तराजू आणवला आणि बाळूला त्यात बसवलं. घरच्या तराजूत बाळू छटाकभर कमीच भरला.

मी तिला आमच्या ट्रेनिंगमधलं सांगितलं. भाकरी म्हणजे अंगाला जळण, डाळ-शेंगा म्हणजे विटा. जळण कमी पडलं की शरीर विटाच जाळायला घेतं, मग लेकराची भिंत वर कशी चढणार? कोंडाक्कानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती गयाबाईशी बोलत होती.

"गया, तू काय घालतीस त्यात?"

"तुमाला देते तेच, आक्का. गहू, गूळ, शेंगदाणे."

"मग आमचं लेकरू कामून वाढंना?"

गयाबाई लापशी ढवळत राहिली. "तुमच्याकडं एका लेकराचं सात जण खातेत. माज्याकडं लेकराचं लेकरूच खातंय."

दुसऱ्या दिवशी कोंडाक्का बाळूला घेऊन आली. ताट घरचं, लापशी गयाबाईची. "आधी मी चाखून बगणार," ती म्हणाली. पहिल्या दिवशी तिनं एक घास चाखला, दुसऱ्या दिवशी चार. आठवड्यानं बाळूच्या ताटासोबत तिचंही ताट यायला लागलं! मागोमाग दहा घरांची लेकरं आली. कुणी कुणाला काही विचारलं नाही. अर्ज मात्र कुणी मागं घेईना. मागं घ्यायचा म्हणजे खाल्लं हे चारचौघांत कबूल करायचं.

*

आणि मग वरून पत्र आलं. 'चौकशी करून मदतनीस बदलण्याबाबत तात्काळ अहवाल द्यावा.'

साहेब आणि मी जीपनं निघालो. साहेब स्वभावानं भिडस्त. वाटेत दोनदा म्हणाले, "अकरा अंगठे आहेत, मॅडम. मी तरी काय करणार?"

केंद्रात लेकरं ओळीनं बसली होती. ओळीच्या शेवटी मांडी घालून कोंडाक्का, पुढ्यात ताट. आम्ही कशाला आलोय हे गयाबाईला शोभानं सांगितलं असावं. ती कुणाकडं न बघता लेकरांना वाढत होती.

साहेबांनी अर्ज काढला. "आजी, हा अंगठा तुमचा?"

"माजाच."

"यात लिहिलंय, गयाबाईच्या हातचं आम्ही खाणार नाही."

"बराबर हाय."

"मग समोर हे काय आहे?"

"लापशी."

साहेबांनी रजिस्टर मागितलं. आमच्या रजिस्टरात म्हातारीला जागाच नव्हती. लेकरं, गरोदर बाया आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, एवढ्यांनाच आहार. शोभानं रजिस्टर दिलं आणि आढ्याकडं बघत उभी राहिली. साहेबांचं बोट एकेका नावावरून खाली आलं आणि थांबलं.

"कोंडाबाई," त्यांनी वाचलं. "वय पासष्ट. गरोदर."

मला वाटलं, आता गयाबाईबरोबर शोभाचीही नोकरी गेली, आणि तिच्यामागं माझी.

साहेब म्हणाले, "आजी, मला अहवाल द्यायचाय. खरं सांगा, हिच्या हातचं तुम्ही खाता की नाही?"

"न्हाई खात," कोंडाक्का म्हणाली. "पण साहेब, डोहाळे कोण्या चुलीचे लागतेल, हे कोण्या बाईला सांगता आलंय?"

साहेबांनी अर्जाची घडी घालून खिशात टाकली, अहवालाच्या कागदावर लिहिलं, 'तक्रारीत तथ्य आढळले नाही', आणि पेनाला टोपण लावलं.

कोंडाक्कानं ताट पुढं सरकवलं.

"वाढ की गं, गया. दोन जिवाची बाई हाय मी."