फोटो मागनं टाकू

गेल्या मंगळवारी सकाळी नऊपासून मी यार्डाच्या फाटकाकडे बघत बसलो होतो. भरे गावाजवळ आमचं जुन्या गाड्यांचं छोटं यार्ड आहे, मी आणि माझा मेव्हणा सुरेश चालवतो. गिऱ्हाईक येणार होतं, आणि मला मनातून वाटत होतं की ते येऊच नये...

माले गावच्या किसनरावांनी त्यांची पांढरी गाडी आमच्याकडे विकायला लावली होती. डॅशबोर्डवर खंडोबाची लहानशी पितळी मूर्ती. आमच्याकडे पहिल्यापासून एक रीत आहे. गाडीत ज्याने देव बसवला, त्यानेच तो उतरवून घरी न्यायचा. मग गाडी धुवायची, मग फोटो. उद्या बायकोला घेऊन येतो आणि देव नेतो, असं सांगून किसनराव गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या भावकीत मयत झालं. फोन आला, "आमाला सुतक हाय. देवाला हात लावता यायचा न्हाई. तेरावं झालं की येतो."

मी थांबायला तयार होतो. सुरेश नव्हता. जुन्या गाड्यांच्या एका साइटवर आम्हीही नुकतं नाव नोंदवलंय, त्याचं त्याला फार अप्रूप. "दाजी, फोटू मागनं बी टाकता येतोय. तुमी निस्तं लिवा. तवर लोकांच्या गाड्या इकून जातील आन् आपण सुतक पाळत बसू."

लिहायचं काम माझ्याकडे असतं. मॉडेल लिहिलं, रंग लिहिला, एकच मालक, इंजिन उत्तम. डाव्या बाजूच्या मागच्या दाराला मोठा पोचा आहे, तो लिहिला नाही. लपवायचा नव्हता... फोटो आला की दिसेलच, असं वाटलं. फोटोच्या जागी टाकलं, 'लवकरच'.

दोन दिवसांत प्रशांत नावाच्या मुलाचा फोन आला. मूळचा हिंगोलीकडचा, नोकरी हिंजवडीत, भूगावला भाड्याने राहतो. पहिलीच गाडी. वडील गावाहून आलेत, त्यांना स्वतःच्या हाताने पूजा करायची आहे, मंगळवारी रात्रीच्या बसने ते परत जाणार, म्हणून मंगळवारी सकाळीच येतो म्हणाला. आणखी काही सांगायचं राहिलंय का, असं त्याने दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा नाही म्हणालो. तेव्हा पोचा खरंच डोक्यात नव्हता.

सोमवारी संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना तो पोचा एकदम आठवला. फोन हातात घेतला... आणि ठेवला. सकाळी सांगू म्हटलं. सकाळी तीनदा लावला, उचलला नाही. पिरंगुटचा घाट उतरत असणार, मोटरसायकलवर फोन कुठला ऐकू येतोय.

दहाच्या सुमारास आले. मागे बसलेल्या वडिलांच्या मांडीवर कापडी पिशवी, त्यातून झेंडूचा हार डोकावत होता. गाडीपाशी पोचायच्या आतच मी म्हणालो, "काका, एक सांगायचं राहिलंय." आणि त्यांना डाव्या बाजूला नेलं.

प्रशांतने पोच्यावर बोट ठेवलं. "सर, मी दोनदा विचारलं होतं," एवढंच म्हणाला.

त्याचे वडील खाली वाकले. आयुष्यभर एसटीच्या वर्कशॉपात पत्र्याचं काम केलेला माणूस. पोच्यावरून तळहात फिरवला, दार चार वेळा उघडून लावलं, आवाज ऐकला. "आतलं सगळं सरळ हाये. पोचा निघतो. पण भाऊ, लिहिलं का नाही?"

"फोटोत दिसेल म्हटलं."

"अन् फोटो कुठंय?"

सुरेश दुसऱ्या गाडीची काच पुसायला निघून गेला.

मग ते पुढचं दार उघडून हार घेऊन आत वाकले, आणि तसेच थांबले. समोर किसनरावांचा खंडोबा. मी सुतकाचं सांगितलं. त्यांनी हार परत पिशवीत ठेवला. "त्यांचा देव अजून हितंच बसलाय, घरी दुःख चालू. अन् मी त्याच्यासमोर माझा नारळ फोडू?"

प्रशांत म्हणाला, "अण्णा, तुमची रात्रीची बस आहे."

"जातो की. नारळ तू फोड." त्यांनी तो माझ्या टेबलावर ठेवला, चहा घेतला आणि मोटरसायकलवर मागे जाऊन बसले. ज्यासाठी एवढ्या लांबून आले होते, ते राहून गेलं. माझ्यावर चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

काल किसनराव पत्नीसह आले. त्या माउलीने पदर पसरला, त्यात देव घेतला. मग आम्ही गाडी धुतली. दुपारी प्रशांत आला... येईल की नाही, याची मला अजिबात खात्री नव्हती. अण्णांनी पत्रा तपासलाय, मग मी कशाला नाही म्हणू, असं म्हणाला. त्याने नारळ फोडला, मी त्याचा फोन जवळ धरून उभा होतो.

"आवाज आला का, अण्णा?"

"आला. चाकाखाली लिंबं ठेवली का? चारही?"

ठेवली होती. तेरावं होईपर्यंत मी जाहिरात टाकलीच नसती, तर कदाचित अण्णा त्यानंतरच गावाहून आले असते आणि नारळ त्यांनीच फोडला असता.

आज सकाळी आणखी एक गाडी आली. मी कॅमेरा घेऊन आधी तिच्या खरचटलेल्या बंपरपाशी गेलो. सुरेश म्हणाला, "दाजी, पयलाच फोटू ह्यो टाकला तर गिऱ्हाईक पळंल की."

पळेलही. पण जो कुणी लांबून हार घेऊन येईल, त्याला तो कशा गाडीला घालायचाय हे निदान निघण्याआधी माहीत असेल.