पारोशा तोंडाने

आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच. एका अनोळखी बाईंविषयी लिहायचं धाडस करतोय, चुकलं तर माफ करा.

सिंगापुरात बिशानच्या चिनी वैद्यीणबाईंकडे मी मुरगळलेला पाय दाखवायला गेलो होतो. शेजारी एक मराठी मावशी बसल्या होत्या, पुंगोलला मुलाकडे आलेल्या. तोंडाची सतत आग व्हायची. तपासण्यांत काही सापडलं नव्हतं, पण जेवणाचीच भीती बसली होती. मुलगा ऑफिसात, म्हणून दुभाष्या मी झालो.

"आंटी, टू क्लीन लाह!" जीभ पाहून वैद्यीणबाई सिंगापुरी इंग्रजीत म्हणाल्या. "जिभेवरचा थर बघून मी औषध ठरवते. घासता का?"

"म्हणजे काय! रोज सकाळी," मावशी अभिमानाने म्हणाल्या.

"मग उद्या न घासता या."

मावशींनी पदर तोंडाला लावला. "अरे बाळा, पारोशा तोंडाने परक्या बाईसमोर जायचं?"

दुसऱ्या दिवशी मीही मुद्दाम गेलो. मावशी आल्या होत्या. त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि जीभ बाहेर काढली. बरं व्हायची एवढी ओढ मी तोवर कुणात पाहिली नव्हती.

निघताना मुलासाठी त्यांनी माझा नंबर घेतला होता. काही महिन्यांनी त्याचा मेसेज आला: "आग बरीच कमी आहे. काल माझं पिठलं मिळमिळीत झालं म्हणून आई ओरडली, आणि तिने पुन्हा वाढून घेतलं."