दर्या पाहाले आलेला बाप

नागपूरच्या टिमकीतला बाबनराव कोष्टी दिवसा माग चालवायचा अन् संध्याकाळी सरकारशी भांडायचा. विणकरांच्या मोर्चात पोलिसाची लाठी हाताने धरणारा माणूस! पोरगी कौशल्या कामठीच्या छावणीत नोकरीला असलेल्या एका कोकणी पोराशी कोर्टात लग्न करून गेली, तेव्हा त्याने दार लावून घेतलं ते तीन वर्षं. शेवटी त्र्याहत्तरच्या हिवाळ्यात बायको मैनाबाई म्हणाली, "तुम्ही जाता का मी जाऊ? पोरगी हाय ते, सरकार नाही."

म्हणून तो आज शिडाच्या होडीत बसला होता. खाडीपलीकडच्या पोरीच्या वाडीला दुसरी वाटच नव्हती. अंबाझरीच्या तलावापेक्षा मोठं पाणी त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. दोन्ही हातांनी फळी घट्ट धरलेली, तोंड मात्र साहेबासारखं.

"कोणाकडे, पाव्हणे?" सुकाणूवरच्या म्हाताऱ्या भिकाजी तांडेलाने विचारलं.

"कोणाकडे नाही. दर्या पाहाले आलो."

"एवढी ट्रंक घेऊन?"

वारा भरला, होडी कलली. पाणी दिसू नये म्हणून बाबनरावाने नजर वर नेली. शीड एका जागी हातभर फाटलेलं, पण त्यावर ठिगळ नव्हतं. उभ्या धाग्यांत आडवा धागा, एक वर एक खाली, मागावर विणावं तसं भरलेलं. तो भीती विसरला.

"हे कोणी भरलं गा? याले म्हणतात हात! आमच्या टिमकीत असे चार हात नाही राहिले आता."

"सुनेने. नागपूरची आहे. आम्ही हसलो होतो, शीड म्हणजे काय लुगडं आहे? पण दोन हंगाम झाले, धागा हलला नाही." भिकाजी खुशीत आला. "बाप मात्र तिचा भारी तापट म्हणे. लग्नाला नाही, साधं कार्ड नाही. भेटला तर दर्यात बुचकळीन!"

बाबनरावाची कानशिलं तापली. टिमकीत कोणी असं बोललं असतं तर गचांडी धरली असती. पण डोळे त्या विणीवरून हलेनात. आठ वर्षांची होती तेव्हापासून कौशल्या त्याच्या मागावरचे तुटलेले धागे सांधायची. लुगड्याचं नाव व्हायचं, बाबनरावाचं नाव व्हायचं. पोरीले 'चांगलं केलं' एवढं एकदा म्हटलं नव्हतं. अन् आज म्हटलं ते परक्यापाशी.

"बुचकळा," तो म्हणाला. "तो बाप मीच हाय."

सुकाणू हललं. भिकाजीने ते सावरलं. मग तंबाखूची डबी पुढे करत म्हणाला, "आधी तिला भेटा. मग बघू."

होडी वाळूपर्यंत जात नव्हती. मांडीभर पाण्यात थांबली. किनाऱ्यावर मासळी वाळत घालणारी कौशल्या बापाला पाहून आधी तशीच उभी राहिली. मग पदर खोचून पाण्यात आली अन् होडीपासून हातभर अंतरावर थांबली.

"काहून आले?"

रेल्वेत जुळवलेलं सगळं भाषण त्याच्या डोक्यातून गेलं. त्याने एक पाय बाहेर टाकला, तळ लागेना, परत आत घेतला.

"मले भेव वाटून राहिलं वं, कौशल्या. हात दे."

तिने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग वळली, होडीला पाठ लावून वाकली.

"गळ्याले धरा," ती म्हणाली. "अन् पाय वर घ्या, चपला भिजून राहिल्या."