तनसीच्या ढिगातला लांब खोका

ती घटना आठवली की आजही मला राग येतो, आणि तो राग काढायला समोर दुसरं कोणी नसतं. तीसेक वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, चकमकीही पाहिल्या. त्या सगळ्या मी चारचौघांत रंगवून सांगतो. ही एवढी एक केस मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

तेव्हा मी गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शीच्या बाजूला एका ठाण्याचा प्रभारी होतो. मी मूळचा साताऱ्याकडचा. या भागात बदली झाली की पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी मनावर ठसवतात. बेवारस वस्तूला हात लावायचा नाही आणि कागद पक्का ठेवायचा. पहिली गोष्ट जिवासाठी, दुसरी नोकरीसाठी. दुसरी मी जरा जास्तच मनावर घेतली होती, त्याला कारण होतं. आधीच्या ठाण्यात आम्ही एका आरोपीकडून एक बंद पाकीट जप्त केलं होतं आणि पंचनाम्यात तेवढंच लिहिलं होतं, 'एक बंद पाकीट'. कोर्टात वकिलानं विचारलं, आत काय होतं ते तुम्ही पाहिलंत का? मी नाही म्हणालो. आरोपी सुटला आणि न्यायाधीशांनी भर कोर्टात माझी हजेरी घेतली. तेव्हापासून माझा शिरस्ता पडला. जप्त केलेली प्रत्येक वस्तू पंचांसमोर उघडायची, मोजायची, वर्णन लिहायचं आणि मगच सील करायची. माझ्या हाताखालचे लोक या शिरस्त्याला कंटाळले होते, पण तोंडावर बोलायची कोणाची हिंमत नव्हती.

डिसेंबरचे दिवस होते. धानाची मळणी उरकली होती. सकाळची हजेरी झाली, गस्तीच्या नोंदी पाहिल्या, मग आलेले संदेश वाचायला घेतले. त्यात चंद्रपूरचा एक होता. आदल्या दिवशी नागपूरहून आलेल्या खासगी बसच्या डिकीतून वैद्यकीय साहित्याचा खोका चोरीस गेला आहे, बस पुढे मूल गावामार्गे आपल्या हद्दीत आली आहे, शोध घ्यावा. वैद्यकीय साहित्य म्हणजे सलाइनच्या बाटल्या, अशी माझी समजूत झाली. डोळ्यासमोर चौकोनी जड खोका आला. सही करून मी तो कागद बाजूला सारला.

तेवढ्यात जवळच्या गावातला एक शेतकरी धापा टाकत आत आला.

"साहेब, माह्या तनसीत बॉम्ब आहे."

तनस म्हणजे धानाचा पेंढा. बैलांना घालायला त्यानं ढिगातून तनस ओढली आणि हाताला खोका लागला.

"बॉम्ब आहे हे तुला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"लंबा खोका आहे जी. वरतं सारं इंग्रजी लिवून आहे. एका कोपऱ्यात फाटला आहे, आतमंदी तार दिसून राह्यली. साहेब, मी गरीब माणूस. मले ना इकडचे सोडतीन, ना तिकडचे."

दुसऱ्या जिल्ह्यात कोणी असं सांगितलं असतं तर आम्ही हसलो असतो. इथे, नक्षल्यांच्या मुलखात, हसता येत नाही. बॉम्बशोधक पथक मागवलं, दोन तास गावाच्या त्या टोकाची वाट अडवून उभे राहिलो. पथकाचा कुत्रा खोक्याभोवती दोनदा फिरला आणि कंटाळून सावलीत जाऊन बसला. यंत्रंही गप्प राहिली. पथकाच्या प्रमुखानं स्फोटक काही नसल्याचं सांगितलं, चहा घेतला आणि गाडी निघून गेली.

मग आमचा पंचनामा सुरू झाला. त्या शेतकऱ्याच्या अंगणात खाट टाकली, कोतवाल आणि एक किराणा दुकानदार पंच म्हणून बसले. बाहेरचं पुठ्ठ्याचं वेष्टण काढलं. आत एक लांबलचक पारदर्शक पाकीट होतं, चारही बाजूंनी बंद. माझा हवालदार याच भागातला, शांत माणूस. त्यानं चष्मा वर करून पाकिटावरचं वाचलं.

"साहेब, याच्यावर लिवून आहे, पाकीट फुटून असन तं वापरू नका. हे दवाखान्याचं दिसते. सकाळच्या मेसेजमधलं तं नसन?"

आता सांगतो, तेव्हा माझ्या डोक्यात काय होतं. दोन तास उन्हात उभं राहिल्याचा वैताग होता, आणि ते जुनं कोर्ट होतं.

"मग पंचनाम्यात काय लिहायचं?" मी ओरडलो. "आत काहीतरी आहे, असं? उघड ते."

त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कात्री लावली.

आत साडेतीन-चार फूट लांबीची नळी होती, एका टोकाला मूठ, दुसऱ्या टोकातून डोकावणारी तार. मी मूठ फिरवून पाहिली. दुसऱ्या टोकातून बारीक तारेची जाळी निम्मी बाहेर आली, जाळीला पातळ पांढरं कापड होतं. दुकानदारानं ती बोटांनी चाचपली.

"हे तं मासे धराचं काही होय जी."

मी हसलो. लांबी मोजली, फोटो काढले, वर्णन लिहिलं, पंचांच्या सह्या घेतल्या, लाखेचं सील मारलं. इतका नीट पंचनामा मी आयुष्यात थोड्याच वेळा केला असेल.

ठाण्यात आणून त्या शेतकऱ्याला समोर बसवलं आणि तिथून माझ्या नाकीनऊ आले.

"खोका कोणी ठेवला?"

"मले काय मालूम जी?"

"तनस तुझी आहे ना?"

"तनस माही आहे. खोका माहा नाई."

"काल घरी कोण आलं होतं?"

"लोकं येतेच जी. कोणाले नाई म्हनाव?"

तासभर हेच चाललं होतं. माणूस चोर नव्हता हे मला पहिल्या पाच मिनिटांत कळलं होतं. चोर आपल्या पायानं बॉम्ब सांगायला येत नाही. पण त्याला काहीतरी ठाऊक होतं आणि ते त्याच्या घशात अडकलं होतं. दरडावून झालं, चहा पाजून झालं, गाडं पुढे सरकेना. मग मला त्याच्या अंगणाच्या कडेला पडलेली पिसं आठवली. ताजी होती.

"काल कोंबडं कापलंस?"

"हो जी."

"सण होता का?"

"नाई जी, जावई आले होते ना." एवढं बोलला आणि जीभ चावली.

बहिणीचा नवरा. त्या नागपूरहून येणाऱ्या बसवरचा क्लीनर. बॉम्ब ठेवल्याच्या आळात स्वतः अडकायची याची तयारी होती, पण घरच्या जावयाचं नाव तो पोलिसाला देणार नव्हता. "बहिणीले मी का सांगू जी?" असं म्हणून तो रडायला लागला. माझा त्याच्यावरचा राग तिथंच ओसरला. इतकी वर्षं गुन्हेगार पाहिले, पण नात्याच्या मानापायी माणूस काय अंगावर घेईल याचा अंदाज मला कधीच आला नाही.

जावई चामोर्शीच्या बाजारात सापडला. त्यानं पाच मिनिटांत कबूल केलं. लांब खोका पाहून त्याला छर्‍याची बंदूक वाटली होती. कोपरा फाडला तर तार दिसली, तो घाबरला आणि खोका मेव्हण्याच्या तनसीत खुपसून मोकळा झाला.

संदेश आल्या दिवशीच चोरी उघडकीस, मुद्देमाल हस्तगत, आरोपी अटकेत. मी ऐटीत चंद्रपूरला फोन लावला. तिकडून विचारलं गेलं, "पाकीट सीलबंद आहे ना?" मी म्हणालो, "अगदी. लाखेचं सील आहे."

दिवस मावळायच्या आत दोन माणसं ठाण्यात आली. एक त्या उपकरणाच्या कंपनीचा प्रतिनिधी, त्याच्याच ताब्यातून खोका गेला होता. दुसरी एक शिक्षिका, चाळिशीची, रुग्णाची मुलगी. हवालदारानं माझं सील मारलेला खोका टेबलावर ठेवला. पुठ्ठ्याच्या फाटक्या कोपऱ्यातून कापलेलं पाकीट दिसत होतं. प्रतिनिधीनं ते पाहिलं. तो खुर्ची सोडून खाली फरशीवर बसला.

मग त्यानं सांगितलं ते असं. पोटातून खाली जाणारी मोठी रक्तवाहिनी एका जागी फुग्यासारखी फुगते. तिची भिंत पातळ होत जाते आणि फुटली तर माणूस दवाखान्यात असला तरी हाती लागत नाही. पोट न फाडता मांडीतल्या वाहिनीतून ही नळी वर सरकवतात, जाळी आत उघडतात, मग रक्त जाळीच्या कापडाच्या आतून वाहतं आणि भिंतीवरचा दाब उतरतो. ही जाळी या शिक्षिकेच्या आईच्या मापानं मागवलेली होती, कारण त्यांच्या वाहिन्या बारीक होत्या.

"उकळून पुन्हा वापरता येणार नाही का?" मी विचारलं.

"नाही साहेब. आणि बाहेर आलेली जाळी परत नळीत जात नाही."

दुसरी त्या मापाची हैदराबादला होती. ती यायला आणि नागपूरचे तज्ज्ञ डॉक्टर पुन्हा चंद्रपूरला यायला चार दिवस लागणार होते. बाईंना हलवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मुलगी माझ्याकडे पाहत होती. तिनं एकच विचारलं, "याच्यावर लिहिलेलं होतं ना, साहेब?"

मी हो म्हणालो. हवालदार शेजारी उभा होता. त्यानं एका शब्दानंही मला उघडं पाडलं नाही, त्याचाही मला रागच आला.

दुसऱ्या दिवशी मी चंद्रपूरला गेलो. कोणी बोलावलं नव्हतं. बाई निवृत्त सिस्टर होत्या, अडुसष्ट वर्षांच्या, सगळी नोकरी भामरागड तालुक्यातल्या आरोग्य केंद्रांत झालेली. उशाला बाबासाहेबांचा छोटा फोटो ठेवला होता. मी कोण ते सांगितलं आणि चूक माझी आहे हेही सांगितलं. त्यांनी मला बसायला लावलं.

"साहेब, पाकीट फोडाच्या आधी हात तं धुतले होते ना?"

मी माझ्या हातांकडे पाहिलं.

"नसतीनच धुतले," त्या वैतागून म्हणाल्या. "आमच्याकडे पावसाळ्यात रस्ता बंद राहे. बाळंतपणाचं एक पाकीट शिल्लक राह्यलं तं मी ते पोरासारखं जपो. वरून एक साहेब तपासनीले आले, तेही फोडून मोजून पाह्यलं. मी म्हनलं, साहेब, हे बंद आहे म्हनूनच कामाचं आहे. त्यायले पटलं नाई. कागदावर लिवाचं होतं ना त्यायले." मग जरा थांबून म्हणाल्या, "जाऊ द्या. चार दिवस तं मी काढून टाकीन. तुमी जेवून जा."

त्यांनी दोन काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलीचा फोन आला. मी ठाण्यात हजेरी घेत होतो. फोन ठेवला आणि राहिलेली नावं वाचली, कारण दुसरं काय करायचं ते सुचलं नाही. जाळी त्या संध्याकाळी चंद्रपूरला पोचली.

क्लीनरनं कोर्टात गुन्हा कबूल केला आणि त्याला चोरीची शिक्षा झाली. माझ्या कृत्याला कलम नाही. मी स्वतःहून वरिष्ठांना अहवाल दिला, तर उत्तर आलं की कार्यपद्धतीचं पालन झालेलं आहे, सबब कारवाईचं कारण नाही. त्यानंतर नोकरीचा जो काळ उरला होता त्यात मी कोणतीही वस्तू उघडण्याआधी एक गोष्ट शोधून काढायचो, ही कोणाची आहे आणि तो माणूस तिची वाट पाहत कुठे बसला आहे. आम्ही त्याला मुद्देमाल म्हणतो आणि कपाटात ठेवतो. कोणीतरी त्याच्यासाठी ताटकळत असतं हे मला निवृत्तीच्या उंबरठ्यावर शिकावं लागलं, याचा मला वैताग आहे.

निकालात नेहमीप्रमाणे शेवटची ओळ होती, मुद्देमाल मूळ मालकास परत करावा. बिल बाईंच्या नावावर होतं, म्हणून वारस या नात्यानं मुलीला पत्र गेलं. ती येईल असं मला वाटलं नव्हतं, पण ती आली. हवालदारानं मुद्देमाल कक्षातून खोका आणला, सील शाबूत असल्याचं तिला दाखवलं आणि छापील पावती पुढे केली. त्यावर एक ठरलेलं वाक्य असतं, 'वरील मुद्देमाल मला सुस्थितीत मिळाला.'

तिनं ते शिक्षिकेच्या सवयीनं पूर्ण वाचलं. पेन मागितलं. 'सुस्थितीत' हा शब्द एका सरळ रेघेनं खोडला, खाली सही केली आणि पावती हवालदाराकडे न देता माझ्यासमोर ठेवली.

खाडाखोड असेल तिथं पावती घेणाऱ्या अधिकाऱ्यानं सही करायची असते. मी केली.